लंगडी : मुलींचा पाय वीस सेकंदांत टेकतो, सराव कसा घ्यावा?

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी शिक्षक आहे. पहिली ते सातवीचा पट ६१. वेगळे क्रीडाशिक्षक नाहीत, जे करायचं ते आम्ही वर्गशिक्षकच करतो. यंदा केंद्रस्तरीय स्पर्धेत मुलींचा लंगडीचा संघ उतरवायचं ठरवलंय. पाचवी ते सातवीच्या मिळून १७ मुली आहेत आणि संघात १५ लागतात, बारा खेळणाऱ्या आणि तीन राखीव. म्हणजे निवड करायची वेळच येत नाही, आहेत त्यांनाच तयार करायचं.

अडचण अशी आहे की पळायला या मुली वाऱ्यासारख्या आहेत. वस्त्यांवरून रोज दोन-तीन किलोमीटर चालत येतात, पाय मुळातच कणखर. पण लंगडी घालायला आत गेल्या की तीस-पस्तीस उड्यांत पाय टेकतो. मी घड्याळ लावून पाहिलं. वीस सेकंदांच्या पुढे दोघी-तिघीच जातात. गेल्या मंगळवारी एकीची पोटरी इतकी भरून आली की ती मैदानातच खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिची आई विचारायला आली आणि मला उत्तर देता येईना.

मी स्वतः लंगडी खेळलोय ती गल्लीतली. चकायचं, ज्याच्यावर राज्य येईल त्याने सगळे बाद होईपर्यंत लंगडी घालायची, मध्ये दमला तर चिडवून घ्यायचं. संघाचा खेळ म्हणून तो कधी शिकलो नाही. नियमांचं पत्रक वाचलंय, पण पत्रकातून सराव कळत नाही.

हातात सहा आठवडे आहेत. शाळा सुटल्यावर पाऊण तास मिळतो. मैदान मुरमाचं आहे. मुली एका पायावर तयार आहेत, कमी पडतोय तो मी. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

खुंटाजवळ

सर, आधी अभिनंदन. सगळ्या मुलींना उतरवताय हेच मला फार आवडलं.

मी खो-खो शिकवतो. आमच्याकडे लहान मुलांना खो-खोच्या पाटीवर बसवण्याआधी वर्षभर लंगडी खेळवतात. एका पायावर तोल, वळताना कंबर खाली ठेवणं, समोरच्याचा अंदाज घेणं, हे सगळं लंगडीतून आपोआप येतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या सामन्याची चित्रफीत मुलींना जरूर दाखवा. मैदानावरच्या पोरींच्या डोळ्यांत फरक पडतो, हे मी पाहिलंय.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: दम वाढवा. दोरीच्या उड्या एका पायावर, मैदानाच्या लांबीच्या लंगड्या, रोज थोडं वाढवत न्या. सहा आठवड्यांत वीस सेकंदांचं दीड मिनिट होईल.

चवड्यावर

मास्तर, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागेना. म्हणून सकाळी पाच वाजता उठून लिहायला बसले आहे. थोडं लांब होईल.

मी कराडजवळच्या एका गावातली. आता पंचेचाळिशी ओलांडली. सहावी-सातवीत शाळेच्या लंगडीच्या संघात होते आणि माझ्या आयुष्यात त्या दोन वर्षांएवढा आनंद मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिला. वरच्या दादांचा अनुभव मोठा आहे, त्यांचा मान राखून सांगते, की तुमचा प्रश्न दमाचा आहे असं मला वाटत नाही. निदान आधी दमाचा नाही.

सहावीत आम्ही तालुक्याला हरलो ते सांगते. आक्रमणाचा डाव नऊ मिनिटांचा. आमच्या बाईंनी दम भरपूर वाढवून घेतला होता, आम्ही प्रत्येकजण मिनिटभर लंगडी घालू शकत होतो. पण सामन्यात पहिली आत गेली ती समोरच्या संघातल्या सगळ्यांत चपळ मुलीच्या मागे लागली. ती मुलगी कडेकडेने हिला फिरवत राहिली आणि आत असलेल्या तिघींतल्या बाकीच्या दोघी मधे उभ्या राहून श्वास घेत होत्या. हिचा पाय टेकला. दुसरी गेली, तीही त्याच मुलीच्या मागे. चौथी मी होते. मीही तेच केलं. गर्दीतून सगळे ओरडत होते "तिला पकड, तिला पकड", आणि आम्हाला तेच खरं वाटलं. सात मिनिटांत आमच्या बाराही जणी संपल्या. उरलेली दोन मिनिटं आम्ही रेषेबाहेर रांगेत उभ्या होतो, घड्याळ चालू होतं आणि आत पाठवायला कोणी नव्हतं. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. फक्कीच्या रेषेकडे बघत उभी होते मी, मान वर करवेना.

त्या रात्री बाईंनी आम्हाला घरी जेवायला नेलं आणि जेवणं झाल्यावर पाटीवर एक गणित मांडलं. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद. मुली १२. भागाकार करा. ४५ सेकंद. सेकंदाला दोन उड्या धरल्या तर नव्वद. बाई म्हणाल्या, "दीड मिनिटाची लंगडी मला नकोच आहे. पंचेचाळीस सेकंद शहाण्यासारखी घाला."

मास्तर, तुमच्या मुली आज पस्तीसवर आहेत, जायचंय नव्वदवर. आणि तेही सगळ्यांना नाही. जी पंचवीस सेकंदांचीच आहे तिची उरलेली वीस सेकंदं दुसरी कोणीतरी भरून काढेल. संघ म्हणतात तो त्यासाठीच. कागदावर बारा नावं लिहा, पुढे सेकंद लिहा, बेरीज ५४० होते का बघा. ही बेरीज मुलींनाच करू द्या, गणिताचा तास समजा. आमच्यातल्या प्रत्येकीला दुसरीचा आकडा पाठ होता.

आता तीस उड्यांत पाय का टेकतो ते. उद्या सकाळी मैदानाचा एक कोपरा झाडून घ्या, खडे वेचा, वर बारीक फुफाटा पसरा. एकेका मुलीला अनवाणी त्यावरून दहा उड्या घालायला लावा आणि वाकून ठसे बघा. पूर्ण पाऊल उमटलंय, टाचेसकट, तर ती मुलगी आपटत चाललीय. प्रत्येक उडीला थांबते आणि प्रत्येक वेळी नव्याने अंग उचलते, म्हणून पोटरी भरते. चवड्याचा आणि बोटांचा ठसा उमटला आणि टाचेच्या जागी माती कोरी राहिली, तर ती बरोबर. आवाजावरूनही कळतं. आपटणारीचा "धप्प धप्प" येतो, चवड्यावरचीचा अगदी हलका. बाई डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि नुसत्या आवाजावरून नाव घेऊन सांगायच्या, "टाच."

आणखी एक, उडी उंच नको. मुलींना वाटतं लंगडी म्हणजे वर उडणं. डोकं जेवढं कमी वरखाली होईल तेवढा दम टिकतो. आमच्या बाई दोन मुलींना ओढणी ताणून धरायला लावायच्या, डोक्याच्या वर चार बोटं, आणि तिच्याखालून लंगडी घालायची. ओढणीला डोकं लागता कामा नये. उचललेला पाय गुडघ्यात दुमडून मागे सैल ठेवायचा, हाताने धरायचा नाही. हात मोकळे हवेत, तोल हातांवरच असतो आणि गडी बाद होतो तोही हातानेच. कितीतरी मुली पोहोचतात पण हात लांबवत नाहीत, कारण पुढे झुकलं की पडू अशी भीती असते. भिंतीवर खडूने खूण करून, लंगडीत येऊन, झुकून त्या खुणेला हात लावून परत, हा एकच सराव आम्ही रोज वीस वेळा करायचो.

मग पाठलाग. चौकोनाच्या मध्यावर एक वर्तुळ आखा, मुलीच्या दोन-अडीच पावलांएवढं. लंगडी घालणारीने शक्यतो त्या वर्तुळाच्या आसपास राहायचं. पळणारी कडेने मोठी फेरी मारते, ही आत लहान फेरी मारते. तिला दहा पावलं पळावं लागतं तेव्हा हिला चार-पाच पुरतात. कोपऱ्याकडे तोंड झालेली मुलगी दिसली की मगच वर्तुळ सोडायचं. कोपऱ्यात शिरलेल्या मुलीला दोनच वाटा असतात आणि त्या दोन्ही तुमच्या हाताजवळून जातात. घाबरून ती रेषेबाहेर गेली तरी बादच. सातवीच्या वर्षी आम्ही निम्म्याहून जास्त गडी असे रेषेवर मिळवले, हात न लावता.

आणि त्या चपळ मुलीला सोडून द्यायचं. तिला शेवटी बघायचं. हे मुलींना पटवणं सगळ्यांत अवघड, कारण बाहेरून लोक ओरडतात. सरावात मुद्दाम बाकीच्या मुलांना कडेला बसवून ओरडायला लावा.

संरक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या मुली पळायला चांगल्या आहेत. एक गोष्ट मात्र शिकवाच. जी उजव्या पायावर लंगडी घालतेय तिला डावीकडे झेप घेणं सोपं जातं, पण तिथे थांबणं अवघड, कारण त्या बाजूला टेकायला पायच नाही. तोल उचललेल्या पायाकडे कलंडतो. म्हणून पळणारीने आधी बघायचं, कुठला पाय वर आहे. त्या बाजूला हुलकावणी द्यायची, तिला झेप घेऊ द्यायची, आणि ती सावरेपर्यंत उलट दिशेने सुटायचं. माझी मैत्रीण या एका युक्तीवर सबंध डाव नाबाद राहिली होती. आत शिरताना ती फक्त पायाकडे बघायची, चेहऱ्याकडे कधीच नाही.

मुरमावर अनवाणी नका खेळवू. शेजारी कुणाचं सारवलेलं खळं असेल तर मागा. आम्ही कृष्णेच्या वाळूत सुरुवात केली होती, पण कोरडी वाळू फार खोल जाते, ओलसर काठावरच बरं पडतं. तुमच्याकडे माणगंगेला आता पाणी नसेल, पात्रातली दाबून बसलेली माती चालेल.

घोटा_गुडघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या ताईंनी लिहिलंय ते उत्तम आहे, फक्त मुलींच्या वयाचा एक मुद्दा जोडतो.

दहा ते तेरा हे वाढीचं वय. टाचेचं हाड आणि गुडघ्याखालचा उंचवटा या जागी हाड अजून पक्कं जुळलेलं नसतं आणि पोटरीचे, मांडीचे स्नायू नेमके तिथेच ओढतात. एका पायावरच्या उड्यांनी हा ताण बराच वाढतो. पोटरी भरून येणं एक-दोन दिवसांत जातं, त्याची काळजी नको. पण टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने दाबल्यावर नेमकं दुखत असेल, सकाळी उठल्यावर मुलगी चवड्यावर चालत असेल, तर तिच्या उड्या थांबवा. पळणं-चालणं दुखत नसेल तेवढंच चालू ठेवा. "खेळून खेळून जाईल" असं याबाबतीत करू नका. पंधरवड्यात आराम पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही पायांवर सराव घ्या, सामन्यात एकच वापरायचा असला तरी. आणि उड्यांचा सराव एक दिवसाआड. मधल्या दिवशी हुलकावण्या, रेषेवरचं वळणं, नुसता तोल. पाऊण तासात पहिली दहा मिनिटं पोटऱ्या ताणण्यात गेली तरी ती वाया जात नाहीत.

माणदेशी_मास्तर

ताई, दादा, सर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी छापून वर्गाच्या भिंतीवर लावलाय.

फुफाट्यातले ठसे काल घेतले. १७ पैकी १३ मुलींची टाच उमटली! मुलींनीच एकमेकींचे ठसे वाचले, मला बोलावंच लागलं नाही. मंगळवारी जी मुलगी खाली बसली होती तिचा ठसा सगळ्यांत खोल होता. तिच्या आईला मी ते शाळेत बोलावून दाखवलं, तेव्हा त्या माउलीचा चेहरा मोकळा झाला. एक दिवसाआडचंही त्यांना सांगितलं.

दोन गोष्टी अजून विचारतो. सहावीत एक मुलगी आहे, चणीने अगदी लहान. लंगडी पंधरा सेकंद, पळणंही बेताचं. पण सरावाला सगळ्यांत आधी येते, फक्की मारायला तीच, खडे वेचायला तीच. तिला बारांत घ्यावं की राखीव तिघींत? आणि दुसरी, सातवीतली, सगळ्यांत चपळ. तिला पहिलं पाठवू की शेवटी? ती म्हणते पहिली मीच जाणार.

चवड्यावर

मास्तर, १३ टाचा वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे दम नव्हे, पाऊलच होतं. दोन आठवड्यांत फरक दिसेल.

चपळ मुलीला पहिली पाठवू नका. पहिल्यांदा आत जाते तेव्हा समोरच्या तिघी ताज्या असतात, तिचा दम त्यांच्यावर खर्च होईल. पहिली पाठवायची ती शांत मुलगी. गडी मिळाला नाही तरी चालेल, पण चाळीस-पंचेचाळीस सेकंद मध्यावर राहून तिघींनाही पळतं ठेवेल अशी. तिचं काम दमवण्याचं. चपळ मुलगी तिसरी किंवा चौथी, समोरच्यांची पावलं जड झाल्यावर. आणि एक तशीच चांगली मुलगी अकराव्या-बाराव्या जागी राखून ठेवा, शेवटचं दीड मिनिट कोरडं जाऊ नये म्हणून. हे चपळ मुलीला एकटीला बाजूला घेऊन, घड्याळ दाखवून सांगा. आम्हाला बाईंनी सांगितलं नव्हतं ते हेच.

लहान चणीच्या मुलीला बारांत घ्या. मी हे दयेने म्हणत नाही. पंधरा सेकंद म्हणजे तीस उड्या, कोपऱ्यात अडकलेल्या एका मुलीला बाद करायला सहा-सात पुरतात. तिची जागा चपळ मुलीच्या लगेच मागे ठेवा. चपळ मुलगी समोरचीला कोपऱ्याशी नेऊन दमते, पाय टेकतो, आणि त्याच क्षणाला ही आत शिरते. त्यासाठी तिने रेषेबाहेरच त्या कोपऱ्याच्या जवळ, आत यायच्या जागेवर डोळा ठेवून उभं राहायला हवं. जी रोज स्वतः फक्की मारते तिला मैदानाचा प्रत्येक कोपरा डोळे मिटून माहीत असतो. संरक्षणातही लहान मुलगी कामाची, ती हाताखालून निसटते.

एक वही ठेवा. प्रत्येक गडी कुठे बाद झाला, कोपऱ्यात, रेषेवर की मध्यात, एवढंच. ती वही तिच्याच हातात द्या.

खुंटाजवळ

ताईंशी मी आता सहमत आहे. आमच्याकडे लहान गटात उद्यापासून ठसे बघणार. सर, दोरीच्या उड्या चालूच ठेवा, पण ओढणी ताणून तिच्याखाली. दोन्ही साधेल.

माणदेशी_मास्तर

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतो.

आज १७ पैकी ४ टाचा उमटल्या. बेरीज सुरुवातीला २७० सेकंद भरत होती, काल ४६५ झाली. अजून ७५ कमी आहेत, त्या मुली रोज फळ्यावर लिहितात आणि पुसून नवा आकडा टाकतात. चपळ मुलगी चौथ्या जागेला तयार झाली, पण तिने एक अट घातली: तिच्या मागे लहानीच हवी, दुसरी कोणी नको. दोघी मिळून कोपरा ठरवतात, कानात सांगतात, मलाही सांगत नाहीत.

एकीच्या टाचेला दाबल्यावर दुखत होतं. तिच्या उड्या पूर्ण बंद केल्या, ती आता शिट्टी आणि घड्याळ सांभाळते.

वही लहानीकडेच आहे. काल सरावात ३१ गडी बाद झाले. त्यातले १२ कोपऱ्यात, ११ रेषेवर. तिने खाली लाल पेनाने लिहिलंय, "मध्यात ८. हे कमी करायचे."